अ‍ॅड ब्लॉकर चालू असूनही जाहिराती परत येतात, किंवा साइटच मोडते : दोष शोधायचा कसा

तक्रार सहसा दोन प्रकारची असते. एक, कालपर्यंत सगळं स्वच्छ होतं आणि आज जाहिराती पुन्हा दिसायला लागल्या. दोन, जाहिराती गेल्या, पण त्यांच्यासोबत लॉगिनचं बटण, व्हिडिओ किंवा अख्खं पानच गेलं. दोन्हींवर बहुतेक जण एकच उपाय करतात, आणखी एक अ‍ॅड ब्लॉकर टाकतात. त्यानं दुखणं वाढतं. जाहिरात कोणत्या वाटेनं आली हे न बघता त्याच दारावर दुसरा पहारेकरी उभा केल्यासारखं ते होतं. म्हणून खालचा क्रम पाळा. आधी वाट ओळखायची, मग ब्लॉकर तपासायचा आणि सगळ्यात शेवटी नियमांना हात लावायचा.

जाहिरात नक्की येते कुठून?

अ‍ॅड ब्लॉकर काम करतो तो ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावर. पडद्यावर दिसणारी प्रत्येक जाहिरात पानातलीच असते असं नाही.

‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला आहे’ अशी चौकट पडद्याच्या कोपऱ्यातून सरकत येत असेल, आणि तीही कोणतंच पान उघडं नसताना, तर ते नोटिफिकेशन आहे. चौकटीत बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि एखाद्या साइटचा पत्ता दिसतो. ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असं सांगणाऱ्या एखाद्या पानावर कधीतरी परवानगी दिली गेलेली असते. ही चौकट ऑपरेटिंग सिस्टिम दाखवते, त्यामुळे कितीही चांगला ब्लॉकर टाकला तरी ती थांबत नाही. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा आणि परवानगी असलेल्या यादीतला तो पत्ता काढून टाका. फायरफॉक्समध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली परमिशन्सचा भाग आहे, तिथे नोटिफिकेशन्ससमोरचं सेटिंग्ज बटण दाबा. त्याच ठिकाणी नवीन विनंत्याच बंद करून टाकल्या तर हा त्रास पुन्हा होत नाही. बातम्यांच्या साइटनं नोटिफिकेशन पाठवावं अशी खरोखर गरज फार थोड्यांना असते.

दुसरी चाचणी सोपी आहे. विकिपीडियाचं एखादं पान उघडा. तिथे देणगीचं आवाहन सोडलं तर कोणतीही व्यापारी जाहिरात नसते. तिथेही खरेदीच्या जाहिराती किंवा शब्दांखाली विचित्र लिंका दिसत असतील, तर त्या साइटनं टाकलेल्या नाहीत, तुमच्या मशीनवरचं काहीतरी त्या घालतंय. बहुतेक वेळा ते दुसरं एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेलं जादा साधन, निघतं, जसं कूपन शोधून देणारं, पीडीएफ बदलून देणारं किंवा व्हिडिओ उतरवून घेणारं. सगळी एक्स्टेन्शन्स बंद करा आणि एकेक चालू करत पान रीलोड करा. एखाद्या एक्स्टेन्शनला काढून टाकायचं बटणच नसेल आणि मेनूच्या तळाशी ‘हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून नियंत्रित आहे’ अशा अर्थाची ओळ असेल, तर अ‍ॅड्रेसबारमध्ये क्रोमचं पॉलिसी पान (chrome://policy) उघडून कोणत्या पॉलिसी, म्हणजे बाहेरून लादलेल्या सेटिंग्ज, लागू आहेत ते बघा. कंपनीच्या कॉम्प्युटरवर असं असणं स्वाभाविक आहे, त्याला हात लावू नका. स्वतःच्या कॉम्प्युटरवर मात्र ते घुसखोर सॉफ्टवेअरचं लक्षण असू शकतं. काही सिक्युरिटी सॉफ्टवेअरही पॉलिसी घालतात, म्हणून आधी नाव वाचा, मग मालवेअर स्कॅन चालवा. स्कॅन न करता नुसता ब्राउझर पुन्हा टाकला तर पॉलिसी जागेवरच राहते आणि एक्स्टेन्शन परत येतं.

नेटवर्क पुरवणारा मधेच जाहिराती घालतोय अशी शंका अनेकांना येते. एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध जोडणीतून येणाऱ्या, पानात हे शक्य नाही. त्यासाठी तुमच्या मशीनवर त्यांचं प्रमाणपत्र बसवलेलं असावं लागतं. कूटबद्ध नसलेल्या एचटीटीपी पानात मात्र शक्य आहे. फायरफॉक्समध्ये एचटीटीपीएस-ओन्ली मोड आणि क्रोममध्ये ‘नेहमी सुरक्षित कनेक्शन वापरा’ हा पर्याय चालू केला की ती वाट बंद होते.

मोबाइलवर आणखी एक गोष्ट तपासा. मेसेजमधल्या किंवा सोशल मीडियाच्या अ‍ॅपमधल्या लिंकवर टिचकी मारली की पान बऱ्याचदा त्या अ‍ॅपच्या आतच उघडतं. ते वेबव्ह्यू, म्हणजे अ‍ॅपमधलीच छोटी ब्राउझर-खिडकी, असेल तर तिथे तुमच्या ब्राउझरची एक्स्टेन्शन्स पोचत नाहीत. त्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा’ असा पर्याय असेल तर तो चालू करा. शिवाय अँड्रॉइडवरच्या क्रोमला एक्स्टेन्शन्स चालतच नाहीत. तिथे फायरफॉक्स घ्यावा लागतो, किंवा ज्यात ब्लॉकर आतूनच दिलेला आहे असा ब्राउझर.

क्रोममध्ये ब्लॉकर आपोआप बंद पडला असेल तर

क्रोमवर यूब्लॉक ओरिजिन हे अ‍ॅड ब्लॉकर एक्स्टेन्शन वापरणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते : ‘मी काहीच केलं नाही, तरी बंद झालं.’ खरंच त्यांनी काही केलेलं नसतं. एक्स्टेन्शन्स लिहायची जुनी पद्धत, मॅनिफेस्टची दुसरी आवृत्ती, गूगलनं क्रोममधून काढली. जून २०२४ मध्ये चाचणीच्या आवृत्त्यांत इशारे दिसू लागले, ऑक्टोबर २०२४ पासून साध्या आवृत्तीतही जुनी एक्स्टेन्शन्स बंद होऊ लागली. कंपन्यांसाठीची सवलत क्रोम १३८ पर्यंत होती, १३९ पासून तीही संपली. त्यामुळे जुन्या युक्त्या, म्हणजे पॉलिसी बदलणं, फ्लॅग (क्रोमची प्रायोगिक सेटिंग्ज) चालू करणं किंवा फोल्डरमधून एक्स्टेन्शन लोड करणं, आता चालत नाहीत. कुणी ‘हमखास चालणारी’ फाइल देत असेल तर ती घेऊ नका.

फरक नेमका कुठे पडला हे समजून घेतलं तर पुढची निवड सोपी होते. जुन्या पद्धतीत ब्राउझर पानासाठी सर्व्हरकडे जाणारी प्रत्येक विनंती एक्स्टेन्शनला दाखवायचा आणि हो-नाही एक्स्टेन्शन ठरवायचं. नव्या पद्धतीत एक्स्टेन्शननं नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हाती द्यायची आणि निर्णय ब्राउझर घेणार. याला गूगलनं दिलेलं कारण सुरक्षेचं आणि वेगाचं आहे, आणि त्यात तथ्य आहे. प्रत्येक विनंती वाचू शकणारं एक्स्टेन्शन वाईट माणसाच्या हाती गेलं तर ते सगळंच वाचतं. पण किंमतही खरी आहे. नियमांना मर्यादा आल्या : प्रत्येक एक्स्टेन्शनला ३०,००० स्थिर (एक्स्टेन्शनसोबतच येणाऱ्या) नियमांची हमी, त्यावर सगळ्या एक्स्टेन्शन्सना मिळून ३,००,००० चा सामाईक साठा. आणि ऐनवेळी पानाचा संदर्भ बघून निर्णय घ्यायची लवचीकता गेली. ज्या कंपनीचं मुख्य उत्पन्न जाहिरातींचं आहे तीच ही चौकट ठरवते, हे विसरून चालणार नाही.

पर्याय तीन आहेत. क्रोमवरच राहायचं असेल तर यूब्लॉक ओरिजिन लाइट टाका. ते टाकून झाल्यावर बहुतेक जण थांबतात, आणि इथेच चूक होते. त्यात फिल्टरिंगच्या पायऱ्या आहेत : बेसिक, ऑप्टिमल आणि कम्प्लीट. बेसिकमध्ये फक्त नेटवर्क विनंत्या अडवल्या जातात. रिकाम्या चौकटी लपवणं किंवा ब्लॉकर ओळखणाऱ्या स्क्रिप्टला (पानात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) निष्प्रभ करणं त्यात होत नाही. त्यासाठी ऑप्टिमल लागतं, आणि त्याला सगळ्या साइटवरचा डेटा वाचायची परवानगी द्यावी लागते. परवानगी दिली नाही तर पायरी वाढत नाही. कम्प्लीटमध्ये कोणत्याही साइटला लागू होणारे लपवण्याचे सर्वसाधारण नियमही येतात. ते पान थोडं जड करतात, म्हणून गरज असेल त्या साइटपुरतंच वापरावं. लाइटमध्ये फिल्टर याद्या, म्हणजे काय अडवायचं याच्या नियमांच्या याद्या, एक्स्टेन्शनसोबतच येतात, तेव्हा त्या ताज्या करायच्या तर एक्स्टेन्शन अपडेट व्हायला हवं. एक्स्टेन्शन्सच्या पानावर डेव्हलपर मोड चालू केला की अपडेटचं बटण दिसतं.

दुसरा पर्याय फायरफॉक्स. मोझिलानं जुनी विनंती-अडवण्याची सोय ठेवली आहे, म्हणून पूर्ण यूब्लॉक ओरिजिन तिथे चालतं. एक गोष्ट तिथे जास्तच मिळते. काही साइट आपल्याच नावाखाली एक उपडोमेन बनवतात आणि डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, ते गुपचूप ट्रॅकिंग कंपनीकडे वळवतात. वरून बघताना ती साइटचीच विनंती दिसते. फायरफॉक्स एक्स्टेन्शनला डीएनएसचं उत्तर बघू देतो, त्यामुळे यूब्लॉक ओरिजिन हा बुरखा काढू शकतं. क्रोमच्या जातीच्या ब्राउझरांत एक्स्टेन्शनला ही सोय कधीच नव्हती. फायरफॉक्स सुरू होताना यादी पूर्ण वाचून होईपर्यंत विनंत्या रोखून धरायची सोयही आहे, त्यामुळे आधीपासून उघडे राहिलेले टॅबही सुरुवातीलाच गाळले जातात.

तिसरा पर्याय ब्रेव्ह. त्यातला शील्ड्स नावाचा ब्लॉकर एक्स्टेन्शन नसून ब्राउझरच्या आतच बांधलेला आहे, म्हणून मॅनिफेस्टच्या बदलाचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

जुनं यूब्लॉक ओरिजिन कुठे अजून चालू असेल तर स्थलांतराआधी डॅशबोर्डच्या सेटिंग्जमधून बॅकअप फाइल काढून ठेवा. फायरफॉक्समधल्या यूब्लॉक ओरिजिनमध्ये ती परत भरता येते. आणि नाव नीट वाचून टाका. ‘यूब्लॉक’ आणि ‘यूब्लॉक ओरिजिन’ ही वेगवेगळी एक्स्टेन्शन्स आहेत, ‘ओरिजिन’ हे मूळ लेखक रेमंड हिल यांचं. मालक बदलल्यावर काय होतं याचं उदाहरण ऑक्टोबर २०२० मध्ये सगळ्यांनी बघितलं. नॅनो अ‍ॅडब्लॉकर आणि नॅनो डिफेंडर ही लोकप्रिय एक्स्टेन्शन्स विकली गेली आणि नव्या मालकांनी अपडेटमधून घातक कोड घातला. वापरणाऱ्यांना अपडेट आलेलं कळलंही नाही.

ब्लॉकर चालू दिसतो, पण काम करत नाही

इथे कारणं छोटी असतात आणि पटकन तपासून होतात.

खासगी विंडोत जाहिराती दिसतात आणि साध्या विंडोत नाही, असं असेल तर एक्स्टेन्शनला खासगी विंडोची परवानगी नाही. ती आपोआप मिळत नाही. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या डीटेल्समध्ये ‘अलाऊ इन इन्कॉग्निटो’, फायरफॉक्समध्ये ‘रन इन प्रायव्हेट विंडोज’.

काही साइटवरच ब्लॉकर झोपलेला दिसत असेल तर क्रोममध्ये त्याच डीटेल्सच्या पानावर ‘साइट अ‍ॅक्सेस’ बघा. ते ‘ऑन क्लिक’वर असेल तर तुम्ही आयकॉन दाबेपर्यंत तो काहीच करत नाही.

अ‍ॅडब्लॉक प्लस वापरत असाल आणि ठरावीक साध्या जाहिराती दिसत असतील, तर तो दोष नाही. ‘अ‍ॅक्सेप्टेबल अ‍ॅड्स’ ही योजना २०११ पासून आहे आणि ती सुरुवातीपासून चालूच असते. ठरलेल्या निकषांत बसणाऱ्या जाहिरातींना वाट मिळते आणि मोठ्या कंपन्या त्यासाठी पैसे देतात. सेटिंग्जमधली खूण काढली की त्या बंद होतात. तिथेच ‘तिसऱ्या पक्षाचं ट्रॅकिंग नसलेल्या जाहिरातीच दाखवा’ असाही पर्याय आहे. जाहिरातीला विरोध नाही पण पाठलागाला आहे, अशांना तो पटण्यासारखा आहे.

फिल्टर याद्या शिळ्या होणं हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण. साइटवाले नावं बदलतात, यादीवाले मागून नियम बदलतात, आणि मोठ्या व्हिडिओ साइटवर हे चक्र काही तासांचं असू शकतं. पूर्ण यूब्लॉक ओरिजिनमध्ये डॅशबोर्ड उघडा, ‘फिल्टर लिस्ट्स’मध्ये आधी ‘पर्ज ऑल कॅशेस’ आणि मग ‘अपडेट नाऊ’ दाबा. क्रम उलटा केला तर जुनीच प्रत हाती राहू शकते. नंतर पान रीलोड करा. आधीच उघड्या असलेल्या पानावर नवे नियम मागे जाऊन लागत नाहीत.

आणि ‘माय फिल्टर्स’ उघडून बघा. तिथे कधीतरी इंटरनेटवरून उचलून चिकटवलेले नियम पडलेले असतात. चिकटवले तेव्हा ते चालले असतील, पण याद्या पुढे गेल्या आणि ते तिथेच राहिले. ब्लॉकर ओळखला जाण्यामागे असे शिळे नियम हे नेहमीचं कारण आहे. कशासाठी टाकला होता हे आठवत नसेल असा प्रत्येक नियम काढा.

‘तुम्ही अ‍ॅड ब्लॉकर वापरत आहात’ ही भिंत

साइटला ब्लॉकर दिसतो तो आडमार्गानं. पानात एक खोटी चौकट ठेवतात, तिला जाहिरातीच्या चौकटीसारखं नाव देतात आणि थोड्या वेळानं तिची उंची मोजतात. शून्य आली तर कुणीतरी ती लपवली. किंवा जाहिरातीच्या नावाची एक छोटी स्क्रिप्ट मागवतात आणि ती आली नाही तर निष्कर्ष काढतात. यावर चांगला ब्लॉकर विनंती नुसती अडवत नाही, तिच्या जागी रिकामी पण वैध स्क्रिप्ट देतो, म्हणजे पानाला सगळं पोचलं असं वाटतं.

दोन ब्लॉकर एकत्र का ठेवू नयेत याचं उत्तर इथे आहे. पहिला विनंतीच्या जागी रिकामी स्क्रिप्ट ठेवणार असतो, दुसरा तीच विनंती थेट अडवतो. बदली देण्याची संधीच जात नाही का? जाते, आणि पान लगेच ओळखतं. ऑपेरातला किंवा ब्रेव्हमधला आतला ब्लॉकर, अँटीव्हायरसचं जाहिरात रोखणारं एक्स्टेन्शन, व्हीपीएनसोबत फुकट आलेला ब्लॉकर, हे सगळे ‘दुसरा’ म्हणून मोजा. एकच ठेवा. यादी ताजी, एकच ब्लॉकर, स्वतःचे नियम शून्य, यादीची निवड मूळची, एवढं केल्यावरही भिंत राहिली तरच ती यादीतली उणीव समजायची.

साइट मोडली असेल तर

पहिली चाचणी म्हणून बहुतेक जण खासगी विंडो उघडतात. ती चाचणी फसवते. खासगी विंडोत फायरफॉक्स ट्रॅकिंग करणारा मजकूर जास्त कडकपणे अडवतो आणि क्रोम तिसऱ्या पक्षाच्या कुकी (दुसऱ्या डोमेननं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखखुणा) बंद ठेवतो. म्हणजे एक्स्टेन्शन नसूनही पान तिथे मोडू शकतं आणि तुम्ही चुकीच्या निष्कर्षाला येता. त्याऐवजी ब्राउझरमध्ये कोरा, म्हणजे एक्स्टेन्शन्स नसलेला, प्रोफाइल बनवा आणि त्यात पान उघडा. तिथेही मोडत असेल तर दोष साइटचा किंवा नेटवर्कचा.

कोऱ्या प्रोफाइलमध्ये चालतं असं दिसलं की यूब्लॉक ओरिजिनचं मोठं पॉवर बटण दाबून त्या साइटपुरतं बंद करा आणि रीलोड करा. कंट्रोल धरून दाबलं तर ते फक्त त्या एका पानापुरतं बंद होतं. तरीही मोडलेलंच असेल तर ब्राउझरचं स्वतःचं संरक्षण बघा : फायरफॉक्समध्ये अ‍ॅड्रेसबारमधली ढाल, क्रोममध्ये तिसऱ्या पक्षाच्या कुकीचं सेटिंग. पैसे भरण्याच्या पानात बँकेची चौकट दुसऱ्या डोमेनवरून येते आणि लॉगिनही अनेकदा दुसरीकडून येतं, म्हणून ही दोन ठिकाणं आधी मोडतात.

पॉवर बटणानं पान सुधारलं, तर लगेच सोडून देऊ नका. बटण परत चालू करा आणि खालच्या ओळीतलं डोळ्याचं चिन्ह दाबा. त्यानं लपवण्याचे नियम तेवढे बंद होतात. पान सुधारलं तर दोष लपवण्यात आहे. याचा ठळक नमुना म्हणजे स्क्रोल न होणारं पान. साइट कुकीची चौकट दाखवताना मागचं पान गोठवते. ब्लॉकरनं चौकट लपवली, पण गोठवणारी आज्ञा तशीच राहिली. पान दिसतं, हलत मात्र नाही. हे बहुधा ‘कुकी नोटिसेस’ किंवा ‘अ‍ॅनॉयन्सेस’ गटातली यादी चालू केल्यानं होतं. या याद्या सुरुवातीला बंद असतात, आणि त्यामागे हेही एक कारण आहे. शिवाय काही साइट संमती मिळेपर्यंत व्हिडिओच चढवत नाहीत. चौकट लपवली की संमती विचारलीच जात नाही, आणि व्हिडिओची जागा कायमची काळी राहते.

डोळा बंद करूनही पान मोडलेलं असेल तर लॉगर, म्हणजे विनंत्यांची नोंदवही, बघायचा. समजा फॉर्म भरला आणि ‘सबमिट’ दाबल्यावर काहीच होत नाही. यूब्लॉकच्या खिडकीतून लॉगर उघडा, वरच्या यादीतून तो टॅब निवडा, मग पानावर जाऊन पुन्हा सबमिट दाबा. लॉगरमध्ये नव्या ओळी वर येत जातात. लाल ओळ म्हणजे अडवलेली विनंती, हिरवी म्हणजे अपवादाच्या नियमानं सोडलेली. प्रकाराच्या रकान्यात ‘स्क्रिप्ट’ किंवा ‘एक्सएचआर’ (पानानं मागून पाठवलेली डेटाची विनंती) लिहिलेल्या लाल ओळींकडे आधी बघा. लाल ‘इमेज’ ओळी बहुतेक ट्रॅकिंगचे एक पिक्सेलचे ठिपके असतात, त्यांच्यामुळे बटणं मोडत नाहीत. बटण मोडण्यामागची खरी भानगड अशी : साइटच्या कोडमध्ये क्लिक झाल्यावर आधी मोजमापाच्या स्क्रिप्टमधलं एक फंक्शन बोलावलेलं असतं. ती स्क्रिप्टच आली नाही, म्हणून ‘असं फंक्शन नाही’ अशी चूक येते आणि पुढचा, खरा काम करणारा कोड चालतच नाही.

संशयित ओळीवर टिचकी मारली की तपशिलात नियम आणि तो कोणत्या यादीतला आहे हे दोन्ही दिसतं. तिथल्याच ‘स्टॅटिक फिल्टर’ भागात ‘अलाऊ’ निवडा. फक्त याच साइटवरून जाणाऱ्या विनंतीपुरता नियम ठेवायचा पर्यायही निवडा आणि नियम तयार करा. संदर्भ न निवडता सोडलं तर ती ट्रॅकिंगची स्क्रिप्ट सगळ्या साइटवर मोकळी सुटते. एका वेळी एकच ओळ सोडा, रीलोड करा, बघा. पाच ओळी एकदम सोडल्या तर कामाची कोणती होती ते कधीच कळत नाही.

मेलमधली लिंक उघडतच नाही, अशीही तक्रार असते. बातमीपत्रांतल्या लिंका आधी क्लिक मोजणाऱ्या डोमेनवर जातात आणि मग खऱ्या पानावर. ते मधलं डोमेन यादीत असतं. यूब्लॉक अशा वेळी स्वतःचं इशाऱ्याचं पान दाखवतो आणि पुढे जायचं बटण देतो.

डीएनएसवरून रोखत असाल तर

पाय-होल (घरच्या नेटवर्कवर स्वतः चालवायचा जाहिरातरोधक डीएनएस), जाहिराती गाळणारा डीएनएस किंवा अँड्रॉइड ९ पासूनचा ‘प्रायव्हेट डीएनएस’, सगळ्यांचं तत्त्व एक : जाहिरातीच्या डोमेनचा पत्ताच मिळू द्यायचा नाही. याचा फायदा म्हणजे ते अ‍ॅप्सनाही लागू होतं. मर्यादा म्हणजे डोमेन अख्खं अडवता येतं किंवा अख्खं सोडता येतं. जाहिरात आणि व्हिडिओ एकाच डोमेनवरून येत असतील तर डीएनएस काही करू शकत नाही, म्हणूनच यूट्यूबच्या जाहिराती त्यानं जात नाहीत. आणि इथे अडवलं की इशाऱ्याचं पान येत नाही, नुसतं ‘साइट सापडली नाही’ असं येतं.

सगळं बसवूनही जाहिराती येत असतील तर तीन जागा बघा. ब्राउझरमधला ‘सिक्युअर डीएनएस’ चालू असेल तर ब्राउझर तुमचा पाय-होल टाळून थेट दुसरीकडे विचारू शकतो. क्रोममध्ये तो सिक्युरिटीखाली आणि फायरफॉक्समध्ये ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ नावानं आहे. दुसरी जागा राउटर : आयपीव्ही४ (इंटरनेटची जुनी पत्तापद्धत) साठी पाय-होल दिलेला असतो, पण आयपीव्ही६ (नवी पत्तापद्धत) साठी राउटर पुरवठादाराचाच डीएनएस वाटत असतो. तिसरी, व्हीपीएन, जो स्वतःचा डीएनएस आणतो.

जिथे नियम पोचत नाहीत

काही जाहिराती अडवता येत नाहीत आणि त्यामागे वेळ घालवू नये. ट्विचसारख्या थेट व्हिडिओच्या साइटवर जाहिरात सर्व्हरवरच व्हिडिओच्या प्रवाहात शिवून पाठवली जाते. तिला वेगळा पत्ता नसतो, मग नियम लिहायचा कशावर? पॉडकास्टमध्ये निवेदकानं वाचलेली जाहिरात तर मजकुराचाच भाग आहे. सोशल मीडियावरच्या प्रायोजित पोस्ट साइटच्या स्वतःच्या डोमेनवरून येतात. फेसबुकनं तर ‘स्पॉन्सर्ड’ या शब्दाचं एकेक अक्षर वेगवेगळ्या टॅगमध्ये घालून ब्लॉकरना चकवलेलं आहे. तिथे नियम निघतो, मोडतो, पुन्हा निघतो.

जाहिरात चालेल, पाठलाग नको

ज्या साइटचं लेखन आवडतं तिला ब्लॉकरमुळे उत्पन्न मिळत नाही, हे खरं आहे आणि अनेकांना ते टोचतं. दुसरीकडे जाहिरातींतून फसवणूकही पसरते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं सार्वजनिक सूचनेत, शोधताना जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन वापरा असा सल्ला दिला, कारण गुन्हेगार नामांकित कंपन्यांच्या नावानं शोधनिकालांत जाहिराती विकत घेत होते. त्यामुळे सगळीकडे ब्लॉकर बंद करणं हा उपाय होऊ शकत नाही. साइटनिहाय सवलत मात्र देता येते, आणि ती देताना पाठलाग बराच कमी ठेवता येतो.

फायरफॉक्समध्ये मांडणी अशी करा. यूब्लॉक ओरिजिनमध्ये त्या साइटसाठी पॉवर बटण बंद ठेवा आणि फायरफॉक्सचं ट्रॅकिंग संरक्षण ‘स्टँडर्ड’वर ठेवा. स्टँडर्डमध्ये साध्या विंडोत जाहिरातीची स्क्रिप्ट चालते, पण जून २०२२ पासून सगळ्यांना मिळालेल्या टोटल कुकी प्रोटेक्शनमुळे तिची कुकी त्या साइटच्या कप्प्यातच बंद राहते. जाहिरात दिसते, साइटला ती मोजता येते, पण त्या कुकीवरून तुम्ही दुसऱ्या साइटवर ओळखले जात नाही. फिंगरप्रिंटिंगनं, म्हणजे ब्राउझरच्या आणि मशीनच्या खुणा जुळवून, ओळखण्याची वाट यानं पूर्ण बंद होत नाही, हे लक्षात असू द्या. संरक्षण ‘स्ट्रिक्ट’वर असेल तर ट्रॅकिंगच्या यादीतल्या स्क्रिप्ट साध्या विंडोतही अडवल्या जातात. मग ब्लॉकर बंद करूनही भिंत दिसत राहते, आणि ‘मी तर बंद केला’ ही तक्रार सुरू होते. तेव्हा ढालीवर टिचकी मारून त्या साइटपुरतं संरक्षणही सैल करावं लागतं.

क्रोममध्ये तिसऱ्या पक्षाच्या कुकी स्वतः बंद कराव्या लागतात. गूगलनं २०२० मध्ये त्या हटवण्याची घोषणा केली होती, जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडला. सफारीत मार्च २०२० पासून त्या मुळातच बंद आहेत.

यादीवाल्यांना कळवताना

वरचं सगळं करूनही दोष राहिला तर तो यादी सांभाळणाऱ्यांपर्यंत पोचवा. ही माणसं बहुतांशी स्वयंसेवक आहेत आणि ‘चालत नाही’ एवढ्यावर त्यांना काही करता येत नाही. यूब्लॉकच्या खिडकीत साइटचा दोष कळवण्याचं चिन्ह आहे, त्यातून पत्ता आपोआप भरला जातो. सोबत काय केल्यावर काय झालं हे पायऱ्यांनी लिहा. डॅशबोर्डच्या सपोर्ट भागातली तांत्रिक माहिती जोडा. तिच्यात तुमच्या याद्या, बदललेली सेटिंग्ज आणि स्वतःचे नियम दिसतात, म्हणून पाठवण्याआधी एकदा वाचा. पानाच्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर लांबलचक अक्षरं असतील तर त्यांत लॉगिनचं टोकन किंवा मेलचा पत्ता असू शकतो. ती काढून पान तरीही उघडतं का ते बघा, आणि उघडत असेल तर तोच छोटा पत्ता पाठवा.